विनिपेसाकी तळ्यात सॅमन-ट्राऊटचं ट्रोलिंग, यशवंतसागरला गळ टाकून बसलेल्या इंदूरकरांसाठी

पहिली गोष्ट, कणकेचा गोळा करून नेऊ नका. मी नेला होता. हिंग घालून, शेंगदाण्याची पेंड आणि गूळ कालवून, अगदी बाबा यशवंतसागरला न्यायचे तसा डब्यात दाबून, आणि लेकीच्या शेजारचे बोटवाले आजोबा त्या डब्याचा वास घेऊन इतके हसले की मला वाटलं आता बोट उलटतेय. सॅमन आणि ट्राऊट हे रोहू-कतल्यासारखे पिठावर येणारे मासे नाहीत, ते छोट्या माशांच्या मागे धावून त्यांना खातात, त्यामुळे त्यांना पळणारा मासा दाखवावा लागतो आणि त्यासाठी गळ पाण्यातून सारखा चालता ठेवावा लागतो. बोट हळूहळू चालवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं, यालाच ट्रोलिंग म्हणतात, बास.

आता हे लिहायला का बसले, तर एप्रिल आला की आपल्याकडची निम्मी मराठी घरं कुलूप लावून मुलांकडे अमेरिकेला जातात, आणि पंधरा दिवसांत मॉल बघून झाले की पुढचे पाच महिने काय करायचं हा प्रश्न. बॉस्टनच्या आसपास, न्यू हॅम्पशरला किंवा मेनला ज्यांची मुलं आहेत त्यांच्या दारात सॅमनची तळी आहेत आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. माझी लेक-जावई न्यू हॅम्पशरला, तिथून विनिपेसाकी तळं गाडीने तासाभरावर. तीन उन्हाळे मी त्या आजोबांच्या बोटीत बसले, आधी नुसतं सामान धरायला आणि मग गळ सांभाळायला, तेवढ्यावर सांगतेय.

तळं म्हणजे आपली इंदूरची बिलावली-सिरपूर तळी डोळ्यापुढे आणू नका. जवळजवळ १८० चौरस किलोमीटर पाणी, अडीचशेच्यावर बेटं, आणि काही ठिकाणी दीडशे फुटांपेक्षा जास्त खोल. हिवाळ्यात हे सगळं गोठतं, त्यावरून लोक चालतात. मग वसंतात बर्फ फुटतो, त्याला तिथे आईस-आऊट म्हणतात आणि त्याची नोंद १८८७ पासून ठेवलीय. माउंट वॉशिंग्टन नावाचं प्रवासी जहाज आहे, ते तळ्याकाठच्या आपल्या पाचही धक्क्यांना पोचू शकेल इतकं पाणी मोकळं झालं की मग आईस-आऊट जाहीर. बहुतेकदा एप्रिलमध्येच होतं. लोक आधीपासून तारखेवर पैजा लावतात, आपल्याकडे पहिला पाऊस कधी यावर लावतील तशा. सॅमनचा मोसम १ एप्रिलला उघडतो पण पाणी उघडलं नसेल तर बोट कुठे घालणार, त्यामुळे खरी सुरुवात बर्फावरच.

मासे मुख्य दोन. एक लँडलॉक्ड सॅमन, म्हणजे समुद्रातला अटलांटिक सॅमनच पण समुद्रात न जाता आयुष्यभर तळ्यात राहणारा, मूळचा मेनच्या सेबागोसारख्या थोड्याच तळ्यांतला आणि नंतर ठिकठिकाणी सोडलेला. पॅसिफिकचा सॅमन अंडी घालून मरतो तसा हा मरत नाही. साधारण दोन-तीन पौंडांचा मिळतो, सुपरमार्केटमधल्या त्या भल्यामोठ्या सॅमनच्या अपेक्षेने जाऊ नका. दुसरा लेक ट्राऊट, तळाशी राहणारा, थंड पाण्याचा, हळू वाढतो पण मोठा होतो. आणि या दोघांचंही जेवण म्हणजे स्मेल्ट, बोटाएवढा चंदेरी मासा. सगळं ट्रोलिंग हे खरं तर स्मेल्टचं सोंग आहे.

आता मुद्दा. दुकानात गेलात तर शंभर रंगांचे चमचे आणि माशा, म्हणजे धातूची आणि पिसांची नकली आमिषं, टांगलेली असतात आणि माणूस तिथेच फसतो. मी पहिल्या वर्षी जावयाचे ऐंशी डॉलर त्या दुकानात घालवले आणि मासे शून्य. आजोबांचा क्रम सोपा होता, आधी खोली, मग वेग, आमिष सगळ्यात शेवटी. मला ते पटायला वेळ लागला नाही कारण बाबाही हेच सांगायचे, कतला वर, रोहू मधल्या पाण्यात, मृगल तळाला, आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगणारा तुकडा दोरीवर वरखाली सरकवून ते खोली जुळवायचे. तिथे फरक इतकाच की मासा कुठल्या थरात आहे ते पाण्याचं तापमान ठरवतं. सॅमनला साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस पाणी आवडतं, लेक ट्राऊटला त्याहून थंड, ८ ते १० च्या आसपास. ते पाणी ज्या महिन्यात जिथे असेल तिथे मासा, म्हणून पद्धतही महिन्याप्रमाणे बदलते.

बर्फ फुटल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात सोपे आणि सगळ्यात सुंदर, फक्त बोटं गारठून जातात. तेव्हा वरपासून खालपर्यंत पाणी सारखंच थंड असतं, स्मेल्ट अंडी घालायला ओढ्यांच्या तोंडाशी येतात आणि सॅमन त्यांच्या मागोमाग अगदी काठाला, वरच्या चार-पाच फुटांत. म्हणजे वजन वगैरे काही नको. लांब लवचिक फ्लाय रॉड, म्हणजे रीळ लावलेली गळाची काठी घ्यायची आणि त्याला स्ट्रीमर लावायचा, म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेली लांबट माशी, पाण्यात ओली झाली की हुबेहूब स्मेल्ट. मागच्या बाजूला दुसरा गळ असलेली दुहेरी माशीही मिळते, शेपटीला तोंड मारणारे मासे तिला अडकतात. एक दोरी बोटीच्या मागे पंचवीस-तीस फुटांवर ठेवा, इंजिनाच्या पंख्याने जो फेस होतो त्यातच, आणि दुसरी साठ-सत्तर फुटांवर. मासा फेसाला घाबरेल असं मलाही वाटायचं, पण नाही, घुसळलेल्या पाण्यात स्मेल्ट भांबावल्यासारखी दिसते आणि तो सरळ येऊन हाणतो. बोट ताशी दोन मैल, थोडं जास्त चालेल. आणि दर मिनिटाला रॉड हाताने पुढे ओढून मागे सोडायचा, झोका दिल्यासारखा, म्हणजे माशी एकदम पळते आणि थबकते. थबकली की बसला धक्का.

याच माशांमधली सगळ्यात नावाजलेली ग्रे घोस्ट, ती बांधणारी बाई होती हे मला कळलं तेव्हा काय आनंद झाला. कॅरी स्टीव्हन्स, मेनमधल्या रेंजली भागातली. १ जुलै १९२४ ला तिने अपर डॅमला स्वतः बांधलेल्या माशीवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राऊट काढला, एका मासिकाच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं आणि मग लोक तिच्याकडून माशा मागवायला लागले. शंभर वर्षं झाली, अजून प्रत्येक डब्यात तिची माशी असते. विनिपेसाकीवाल्यांची आपली वेगळी लाडकी आहे, मेनर्ड्स मार्व्हल, आणि ती नसेल तर आजोबा बोट धक्क्यावरून सोडतच नाहीत.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. आरशासारखं शांत पाणी दिसलं की आपल्याला वाटतं वा, काय दिवस आहे, पण मासेवाला तोंड वाकडं करतो. पाण्यावर बारीक खळबळ हवी, तिला तिथे सॅमन चॉपच म्हणतात. उजेड तुटतो, मासा बिनधास्त वर येतो, आणि वारा ज्या काठाकडे वाहतोय तिकडे खाणं गोळा होतं. म्हणून वारा ज्या काठावर येऊन आपटतो तो काठ धरा, आडोशाचा नाही. फार जोराचा असेल तर अर्थात घरी बसून पोहे खा.

मेअखेर-जूनमध्ये वरचं पाणी तापायला लागतं आणि मासा खाली सरकतो. इथे लेड-कोअर कामाला येते. नावाप्रमाणे दोरीच्या पोटात शिशाची तार असते, दोरीच बुडते, वेगळं वजन बांधायला नको. गंमत म्हणजे दर ३० फुटांना दोरीचा रंग बदलतो, त्यामुळे सगळा हिशेब रंगांत. कोणी विचारलं मासा कशावर मिळाला तर उत्तर येतं "सहा रंगांवर". ताशी दोन मैलांच्या आसपास एक रंग साधारण पाच फूट खाली नेतो, म्हणजे सहा रंग सोडले की आमिष तीसेक फुटांवर. बोट जोरात गेली की दोरी वर उचलली जाते, मंद केली की बुडते, म्हणून वेग धरून ठेवता आला नाही तर रंग मोजून काही उपयोग नाही. दोरीच्या टोकाला फ्लुरोकार्बनच्या पारदर्शक दोरीचा वीस-तीस फुटांचा तुकडा बांधायचा आणि त्याला माशी नाहीतर चमचा. चमचा म्हणजे स्पून, पातळ धातूची वाकवलेली पट्टी, ओढली की डुलते आणि चमकते. मूसलुक नावाचा जुना चमचा तिथे सगळ्यांकडे असतो. उन्हात चंदेरी, ढगाळ असेल तर तांब्याच्या रंगाचा, हा आजोबांचा नियम. लाल रंगावर खोल पाण्यात पैसे घालवू नका, पाण्यात सगळ्यात आधी तोच रंग विरतो, चाळीस फुटांवर लाल चमचा म्हणजे काळपट तुकडा.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तळ्याचे सरळ दोन मजले होतात. वर कोमट पाणी, खाली गार, आणि मध्ये एक पातळ थर जिथे तापमान झपकन उतरतं, थर्मोक्लाइन त्याचं नाव. तेव्हा सॅमन त्या थराच्या आसपास आणि लेक ट्राऊट त्याच्याही खाली. आमिष नेमकं त्या खोलीवर न्यायला डाऊनरिगर लागतो. बोटीच्या कडेला एक छोटी चरखी, तिच्यावर तार, तारेच्या टोकाला तीन-चार किलोचा गोळा. तुमच्या गळाची दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची, आमिष चिमट्याच्या मागे वीस-पंचवीस फूट मोकळं सोडायचं आणि मग चरखी फिरवून गोळा खाली, किती फूट गेला ते आकड्यावर दिसतं. दोरी ताणून रॉड वाकवून ठेवायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, वाकलेला रॉड टणकन सरळ होतो आणि मग गदगदा हलायला लागतो. पहिल्यांदा तो सरळ झाला तेव्हा मला वाटलं दोरीच तुटली आणि मी चक्क सॉरी म्हणाले.

फिश फाइंडर म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर स्मेल्टचा ढगासारखा पुंजका दिसतो आणि मोठे मासे कमानीसारखे. गोळा त्या कमानींच्या जरा वर ठेवा, खाली नाही, कारण हे मासे वर बघून शिकार करतात, पोटाखालून गेलेली वस्तू त्यांना दिसतच नाही.

वेगाबद्दल थोडं जास्त सांगते कारण इथेच सगळे चुकतात. सॅमनला पळती वस्तू लागते, ताशी दोन ते अडीच मैल. लेक ट्राऊट आळशी, दीडच्या आसपास. पण बोटीवरचा जीपीएस जमिनीच्या हिशेबात वेग सांगतो, वारा मागून असेल तर बोट कधी ढकलली जाते कळतही नाही. म्हणून आमिष सोडायच्या आधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघायचं, डुलतंय का नुसतं गोल फिरतंय. गोल फिरत असेल तर वेग जास्त, आणि दोरीला पीळ बसून अर्धा तास गाठी सोडवत बसाल ते वेगळं. आणि सरळ रेषेत कधीच जाऊ नका, नागमोडी चला. वळताना आतल्या बाजूचं आमिष मंद होऊन खाली जातं, बाहेरच्या बाजूचं जोरात होऊन वर येतं. आतल्या गळाला मासा लागला तर माशाने सांगितलं की हळू चल किंवा खाली ये, बाहेरच्याला लागला तर वेग वाढव. एवढी फुकट माहिती दुसरं कोणी देत नाही. फक्त वळण मोठं घ्या, राजवाड्याच्या रिक्षावाल्यासारखं जागेवर वळलात तर सगळ्या दोऱ्यांची वेणी होते. मी एकदा सुकाणू हातात मिळालं म्हणून हौसेने वळवलं, चार दोऱ्या, दोन रॉड माझे आणि दोन आजोबांचे, शेवटी कात्री. ते काही बोलले नाहीत, थर्मासमधली कॉफी मात्र त्या दिवशी एकटेच प्याले.

मासा लागला की आपली सवय म्हणजे झटका द्यायचा. गळाच्या काठीला द्यावाच लागतो, तरंगणारा तुकडा बुडाला की हिसका, नाहीतर रोहू पीठ खाऊन पसार. इथे नको. बोट चालू आहे, गळ आपोआप रुततो, वर हिसका दिला तर तोंड फाटून मासा जातो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, सैल ठेवा म्हणजे तो पळाला तर दोरी सुटत जाईल, बोट बंद न करता फक्त मंद करा, आणि सॅमन पाण्याबाहेर उडी मारेल, मारतोच तीन-चार वेळा, तेव्हा रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवून दोरी क्षणभर ढिली करा. तो हवेत असताना दोरी ताठ असेल तर संपलं. माझा सगळ्यात मोठा असाच गेला, ड्रॅग घट्ट केला होता कारण दोरी सुटायला लागली की मला वाटायचं रीळ बिघडलं. अजून आठवतं.

जाळी रबराची घ्या. दोऱ्याच्या जाळीने अंगावरचे खवले आणि चिकट थर निघतो आणि सोडून दिलेला मासाही मग दगावतो. सोडायचा असेल तर हात आधी ओले करायचे, पाण्याबाहेर फार वेळ फोटो काढत बसायचं नाही. छोटे मासे सोडावेच लागतात, किती लांबीचे आणि किती ठेवायचे याचे नियम दरवर्षी राज्याच्या पुस्तिकेत असतात, निघायच्या आधी त्या वर्षीचे वाचा. परवाना सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो, आपण पाहुणे असलो तरी. ऑनलाइन मिळतो, एक दिवसाचा, तीन दिवसांचा, आठवड्याचाही, त्यामुळे "मी तर नुसती रॉड धरून होते" असल्या सबबी कशाला. एका माणसाला पाण्यात दोनच दोऱ्या. आणि शिशाची छोटी वजनं, एक औंस किंवा त्याहून हलकी, तिथे बंद आहेत, कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळून विषाने मरतात. लेड-कोअर दोरी चालते, शिशाची गोळी नाही. रात्री या लूनचा आवाज ऐकलात तर पहिल्यांदा दचकाल, कोणीतरी हेल काढून रडतंय असं वाटतं.

लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका. आईस-आऊटनंतरचं पाणी चार-पाच अंशांचं असतं, त्यात पडलं की पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो आणि काही मिनिटांत हात चालेनासे होतात. साडी-सलवार विसरा, जावयाचे थर्मल घाला, कोणी बघत नाही.

खायचं म्हणाल तर लँडलॉक्ड सॅमनचं मांस फिकट नारिंगी, चव हलकी. आम्ही हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर केला आणि वरून आपला इंदुरी जीरावन मसाला, आजोबांनी दोनदा मागून घेतला आणि जीरावनची पुडी घरी नेली. लेक ट्राऊट तेलकट असतो, तो भाजलेलाच बरा. तिथल्या तळ्यातल्या माशांमध्ये पारा असतो, मोठ्या आणि म्हाताऱ्या माशात जास्त, त्यामुळे घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील तर सरकारने ठरवून दिलेलं प्रमाण बघून अगदी क्वचितच द्या. लेकीचे डोहाळे पुरवायला म्हणून रोज मासा, असं करू नका.

आता हे सगळं शिकून इंदूरला परत आल्यावर काय, हे मला माझ्या भावाने विचारलं. खरं सांगू, ट्रोलिंग इथे नाही जमत. यशवंतसागर १९३९ चं, बांधलं ते शहराच्या पाण्यासाठी, आणि २०२२ पासून सिरपूरसकट रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, पाणी उथळ, पाणवनस्पती, कोळ्यांची जाळी, त्यात बोट फिरवून चमचे ओढणं म्हणजे जाळी फाडून भांडण ओढवणं. शिवाय १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद, माशांचा विणीचा काळ, आणि इतर वेळी तळं ज्याच्या ठेक्यात असेल त्याला विचारूनच. पण ओढायच्या ऐवजी फेकता येतं. काठावरून छोटा चमचा लांब फेकून हळू गुंडाळत आणायचा, मरळ त्यावर येते, सकाळी लवकर आणि झाडोऱ्याच्या कडेला. तिथेही तीच खोली आणि तोच वेग, फक्त बोटीऐवजी हाताने. नर्मदेच्या महसीरला मात्र त्रास देऊ नका, आपल्या राज्याचा मासा आहे आणि फार कमी उरलाय. महेश्वरच्या घाटावर त्याला कणकेच्या गोळ्याच घाला, माझा तो डबा तिथे चालतो.

चमचे आणि माशा आणणार असाल तर सगळ्या चेक-इन बॅगेत, हँडबॅगेत नाही, आणि प्रत्येक गळाच्या टोकाला बुचाचा तुकडा टोचून. माझ्या बॅगेत एक ग्रे घोस्ट सुटी राहिली होती, ती थेट लोकमान्य नगरला घरी आल्यावर सापडली, नणंदेच्या पैठणीत रुतलेली, आणि ती काढताना दोन धागे गेलेच.